निळ्या चौकड्यांची पिशवी

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला शहाणी समजायची चूक करणार नाही. लहानपणी मला पालीची भीती वाटायची, लग्न झाल्यावर गॅसच्या शेगडीची, आणि मुलगी झाल्यावर तर तिला शिंक आली तरी मी डॉक्टर गाठायची. टेलिफोन खात्यात मी एकतीस वर्षं ऑपरेटर होते. तिथे माझा जीव एकाच गोष्टीने खालीवर व्हायचा. पलीकडे घंटी वाजते आहे, वाजते आहे, आणि कुणी उचलत नाही. बाकीच्या पोरी निवांत "नो रिप्लाय" म्हणून पुढचा कॉल घ्यायच्या. मी मात्र जेवणाच्या सुट्टीत डबा पुढ्यात घेऊन विचार करत बसायची, की त्या घरात नेमकं काय झालं असेल.

ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यानंतर मी जोगेश्वरीच्या आमच्या घरात एकटीच राहत होते आणि बऱ्यापैकी राहत होते. तळमजल्यावर एक निवृत्त मास्तर राहायचे, तेही एकटेच. एका श्रावणात ते गेले आणि ते गेल्याचं दोन दिवस कुणाला कळलंच नाही. त्या दोन दिवसांत मी कोथिंबीर आणायला, मग दळण टाकायला आणि परत ते आणायला अशी त्यांच्या दारावरून चांगली पाच-सहा वेळा गेले असेन. दुसऱ्या दिवशी दारात पेपर पडलेला होता. कुणाचा पाय पडून फाटू नये म्हणून मी तो उचलून नीट घडी करून त्यांच्या खिडकीच्या गजात खोचला. ही गोष्ट मी पोलिसांना सांगितली नाही, मुलीला सांगितली नाही, कुणालाच नाही. सांगण्यासारखं त्यात होतं काय? पेपर तर उचलला होता.

पण त्यानंतर माझी झोप गेली. बंद दाराआड आपण पडलो आहोत आणि बाहेरून माणसं कोथिंबीर घेऊन ये-जा करताहेत, एवढंच डोळ्यांसमोर यायचं. मी रोज सकाळी सात वाजता मुलीला फोन करायला लागले. ती पवईला असते, नोकरी करते, घरात नवरा आणि एक मुलगी. एके दिवशी ती वैतागून म्हणाली, "आई, तू रोज सकाळी मला फोन करून फक्त 'आहे मी' एवढंच सांगतेस. मी दात घासत असते गं!" आणि मग रडायलाच लागली. मीही रडले. त्या रविवारी आम्ही दोघी मुलुंडला ज्येष्ठांसाठी बांधलेली एक इमारत बघायला गेलो.

इमारत डोंगराच्या बाजूला आहे. सात मजले, प्रत्येकाला एक खोली, छोटं स्वयंपाकघर, बाथरूममध्ये धरायला दांडे आणि ओढली की खाली घंटा वाजेल अशी लाल दोरी. खाली मेस, वर गच्ची, मध्ये कॅरमची खोली. व्यवस्था बघणाऱ्या मॅडम आम्हाला सगळं दाखवत होत्या आणि मी मान डोलवत होते, पण मनात ठरवून आले होते की नाही म्हणायचं. मग त्यांनी दुधाची पद्धत सांगितली.

प्रत्येकाने दाराच्या कडीला आपली एक कापडी पिशवी रात्री अडकवून ठेवायची. सकाळी सहाच्या आत मावशी, म्हणजे तिथे कामाला असणाऱ्या बाई, प्रत्येक पिशवीत दूध टाकून जातात. आपण उठलो की पिशवी आत घ्यायची. साडेआठला मावशी पुन्हा फेरी मारतात. ज्या दाराला अजून पिशवी लोंबत असेल तिथे बेल वाजवतात, आणि आतून आवाज आला नाही तर आपल्याजवळच्या किल्लीने दार उघडतात. म्हणून आतून कडी लावायची नाही. आणि म्हणूनच दुसऱ्याच्या पिशवीला कधी हात लावायचा नाही. हे शेवटचं मॅडमनी दोनदा सांगितलं.

मी म्हटलं, "मी येते राहायला." मुलगी बघतच राहिली. तिला वाटलं, डोंगराची हवा आवडली. मला डोंगरबिंगर दिसलाच नव्हता. साडेआठला कुणीतरी माझं दार उघडणार होतं, एवढंच मला पुरेसं होतं.

माझ्या समोरच्या खोलीत जी राहायची ती मालवणकडची. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर हिने घाटकोपरला पोळी-भाजीचे डबे करून घर चालवलं आणि मुलाला शिकवलं. मुलगा बोटीवर असतो, आठ-आठ महिने समुद्रात. मी सामान लावत होते तर ही दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "काय गो, भियालंस काय?" मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर म्हणाली, "तुमका कोणाक म्हणतंस? तू म्हण. आणि त्वांड बघ आरशात." माझ्या हातातला डबा घेऊन तिने फळीवर ठेवून टाकला आणि आमची मैत्री झाली. या वयात मैत्री व्हायला वेळ लागतो असं म्हणतात, आम्हाला साधारण चार मिनिटं लागली.

दिवस खरंच चांगले जाऊ लागले. दुपारी कॅरम, त्यात बँकेतून निवृत्त झालेले दोघे भाऊ आमच्याविरुद्ध खेळायचे आणि हरले की बोर्डाला पावडर कमी पडली म्हणायचे. गुरुवारी भजन. संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या. ती रविवारी मेसमध्ये जेवायची नाही, कारण मेसमध्ये मासे नसतात. स्वतःच्या खोलीत बांगडे तळायची आणि सगळ्या मजल्याला कळवायची. मी शाकाहारी, पण तिच्याकडची सोलकढी प्यायला जायची. माझी नात आली की आधी तिच्याच खोलीत घुसायची.

तिची दुधाची पिशवी निळ्या चौकड्यांची होती. नवऱ्याच्या जुन्या लुंगीची तिने स्वतः शिवलेली. रोज सकाळी सव्वासहाला ती पिशवी आत गेलेली असायची. मला पहाटेपासून जाग असते. तिच्या कडीचा खट्ट आवाज आला की मी कूस बदलायची आणि आणखी अर्धा तास शांत झोपायची. तो आवाज माझ्या औषधाच्या गोळ्यांपेक्षा जास्त कामाचा होता.

मी राहायला जाऊन चौथा महिना होता. मे महिना, रविवार, नातीचा वाढदिवस. मुलगी साडेसातला मला न्यायला येणार होती. मी सहा वाजताच अंघोळ करून साडी नेसून बसले होते. त्या गडबडीत तिच्या कडीचा आवाज आला की नाही याकडे माझं लक्ष नव्हतं. सव्वासातला मी माझं दूध घ्यायला दार उघडलं, तर समोर निळ्या चौकड्यांची पिशवी कडीला लोंबत होती.

पॅसेजमध्ये तेवढ्या सकाळीही घामाच्या धारा लागल्या होत्या. मी म्हटलं, दूध नासेल. ती आदल्या संध्याकाळी म्हणाली होती की दोन रात्री उकाड्याने डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, आज जरा डोळा लागला असेल, कशाला उठवा. आमच्या जोगेश्वरीच्या इमारतीत, त्याआधी चाळीत, आम्ही हेच करत आलो. शेजारणीचं दूध उन्हात दिसलं की उचलून आपल्या घरात ठेवायचं आणि ती उठली की "घे गं तुझं दूध" म्हणून द्यायचं. एवढंही न करणारी शेजारीण कसली. मी पिशवी कडीवरून काढली, माझ्या फ्रिजमध्ये ठेवली, आणि तेवढ्यात मुलीचा फोन आला की ती खाली उभी आहे.

मी कुलूप लावत असताना तिच्या खोलीत फोन वाजला. बराच वेळ वाजला. मग थांबला. पुन्हा वाजला. मी मनात म्हटलं, अंघोळीला गेली असेल. आत्ता दोन मिनिटांपूर्वी मी तिला झोपलेली समजत होते, आणि आता अंघोळीला पाठवली. मी लिफ्टने खाली गेले.

दिवस फार मजेत गेला. हे लिहिताना लाज वाटते, पण गेला. नातीला औक्षण केलं, तिने माझ्याच तोंडाला केक फासला. जावयांनी गरम गरम थालीपीठं लावली. उन्हं चढायच्या आत आम्ही तलावाच्या कडेने फिरून आलो. दुपारी जेवण झाल्यावर मुलीच्या गार खोलीत मी तासभर गाढ झोपले. मुलगी म्हणाली, "आई, किती बरं दिसतेस तू हल्ली." मी म्हटलं, "मग, शेजार चांगला मिळालाय." अगदी हेच शब्द.

चारच्या सुमारास मुलीने मला इमारतीखाली सोडलं. मी वर आले, पंखा लावला, चहाचं आधण ठेवलं आणि दुधासाठी फ्रिज उघडला.

वरच्या फळीवर निळ्या चौकड्यांची पिशवी होती.

फ्रिजचं दार धरून मी उभी होते आणि सगळं एकेक करून डोक्यात चढत गेलं. साडेआठला मावशींनी फेरी मारली असणार. समोरच्या दाराला पिशवी नाही हे त्यांनी बघितलं असणार. म्हणजे आजी उठल्या. मावशी पुढे गेल्या असणार. आज रविवार, ती मेसमध्ये येत नाही. कुणी विचारणार नाही. आणि ती नंतर उठली असती, तर पिशवी कुठे गेली म्हणून मला फोन आला असता. तिचं दूध दिसलं नसतं तर तिने मजला डोक्यावर घेतला असता.

मी धावले. सत्तरी उलटल्यावर जेवढं धावता येतं तेवढी. बेल वाजवली, दार बडवलं, तिला हाका मारल्या. आतून काही नाही. मग मी जिन्याकडे तोंड करून मावशींच्या नावाने अशी ओरडले, की कॅरमच्या खोलीतून दोघे भाऊही वर आले. मावशी किल्ली घेऊन आल्या. घाईत किल्ली भोकात जाईना. मी मागे उभी होते. मला आत बघायचं नव्हतं. मास्तरांचं दार फोडलं तेव्हाही मी अशीच मागे उभी होते.

ती ओटा आणि फ्रिजच्या मधल्या चिंचोळ्या जागेत पडली होती. पहाटे चहा करायला उठली आणि पाय घसरला. लाल दोरी बाथरूममध्ये, ही स्वयंपाकघरात. फोन पलंगाजवळ. पाय वेडावाकडा झाला होता, ओठ कोरडे पडून फुटले होते. डोळे उघडे होते. मावशी म्हणाल्या, "आहेत, आहेत, श्वास आहे!" आणि मी तिथेच खाली बसले.

मी चमच्याने तिच्या ओठांना पाणी लावत होते तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. मला त्या बघण्यात सगळं दिसलं, आणि मग मी स्वतःला म्हटलं की तुला काहीही दिसतं, ती बिचारी धड शुद्धीवर तरी आहे का.

ॲम्ब्युलन्स आली, तिला नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं. मॅडम सगळ्यांना विचारत होत्या की असं कसं झालं, पिशवी तर सकाळी आत गेली होती. मी तोंड उघडलं नाही. घरात येऊन मी ते दूध मोरीत ओतलं. निळी पिशवी धुतली, वाळवली आणि कपाटात माझ्या साड्यांच्या खाली ठेवली. कपाटाला किल्ली लावली. स्वतःच्या खोलीत स्वतःच्याच कपाटाची मला भीती वाटायला लागली. मावशी झाडू मारायला आल्या की मी कपाटाला पाठ लावून उभी राहायची.

मला कशाची भीती वाटत होती? ती जगेल की नाही याची होती. पण ती जगली तर काय, याचीही होती, आणि ही दुसरी जास्त होती. असं स्वतःबद्दल कळणं फार वाईट. ती शुद्धीवर येईल, सांगेल, आणि त्या इमारतीत पुन्हा माझ्याशी कोण कॅरम खेळेल? मॅडम मला काढून टाकतील. मुलीला कळेल की तिच्या लेकीच्या वाढदिवसाला आम्ही केक खात होतो तेव्हा माझ्यामुळे एक बाई फरशीवर पडून होती. मुलगी रोज फोन करायची, "आई, तू बोलत का नाहीस?" मी म्हणायची, उकडतं आहे.

आठव्या दिवशी मला सहन होईना. मी मॅडमच्या ऑफिसात गेले. खुर्चीवर बसले. म्हटलं, "त्या सकाळच्या पिशवीबद्दल सांगायचं होतं."

मॅडम म्हणाल्या, "अहो, ते मिटलं. काल त्यांच्याशी बोलणं झालं ना माझं. त्यांनीच सांगितलं, दूध आत घेतलं, फ्रिजमध्ये ठेवायला वळले आणि पडले. आपल्या पद्धतीत काही चूक नव्हती. उगाच मावशींना बोलले मी."

मी "हो का" म्हटलं आणि उठून बाहेर आले. जिन्याच्या कठड्याला धरून किती वेळ उभी होते कोण जाणे. दूध तिने आत घेतलं नव्हतं, हे जगात दोघींनाच ठाऊक होतं. म्हणजे पिशवी मी काढली हे तिला ठाऊक होतं.

मी पिशवी पदराखाली घेऊन रिक्षाने हॉस्पिटलमध्ये गेले. भेटायची वेळ संपत आली होती. ती पलंगावर पाय लांब करून, केस मोकळे सोडून पडली होती. इतकी लहान दिसत होती. मी पिशवी तिच्या चादरीवर ठेवली आणि तिने ती हाताने चाचपली.

"माका ठावक आसा," ती म्हणाली. "तुझ्या बांगड्यांचो आवाज इलो. कडी वाजली. माका वाटला, इली ही. आता दार उघडतला. मी हाक मारलंय तुका."

"मला ऐकू नाही आलं गं."

"आवाजच खंय होतो माझो. मगे फोन वाजलो. मगे तुझा कुलूप वाजला."

मी रडत होते. म्हटलं, "मला वाटलं दूध नासेल. उकाडा होता. तू झोपली असशील, कशाला उठवा..."

तिने चादरीवरची पिशवी हाताने सरळ केली, आणि माझ्या तोंडून पुढचं आलं, जे मी आठ दिवस स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"नाही. खोटं. मी घाबरले होते. सव्वासहाला आत जाणारी पिशवी सव्वासातला तिथे होती. मी बघितल्या बघितल्या घाबरले. बेल वाजवली आणि तू बोलली नाहीस तर? मला ती बेल वाजवायची नव्हती. ती पिशवी तिथे लोंबताना मला बघवत नव्हती, म्हणून मी ती काढली. काढली की दार रोजच्यासारखं दिसायला लागलं."

नर्स आली, सलाईन बघून गेली. मी मास्तरांच्या पेपरचंही सांगून टाकलं. तेही आयुष्यात पहिल्यांदाच.

मग ती म्हणाली, "धा तास पडलेलंय मी. फरशीवर. मुंगयो चढल्यो पायार. ह्यो राग माझो जावचो नाय. तुका सांगान ठेवतंय."

"नको जाऊ देऊस."

"तुका हयसून काढल्यानी असता तर माझ्या समोर कोण इला असता? कोणतरी नवीन. तिका काय ठावक माझी पिशवी कधी आत जाता ती?" तिने तोंड भिंतीकडे वळवलं. "तुका ठावक आसा. म्हणान सांगलंय खोटा. आता जा, माका झोप येता."

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना खरं काय ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आजी, तुम्ही दोघींनी मिळून माझी वाट लावलीत," म्हणाल्या. मला काढलं नाही. मावशींची माफी मागायला लावली, ती मी मागितली. संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर मोठ्या अक्षरांत कागद लागला, की दुसऱ्याच्या पिशवीला हात लावू नये. नाव कुणाचं नव्हतं, पण सगळ्यांना कळलं होतं. पंधरा दिवस कॅरमच्या खोलीत मी गेले की सोंगट्यांचा आवाज थांबायचा. मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी विचारलं होतं त्या दिवशी, काकूंना बोलवूया का केक खायला." विचारलं होतं खरं. मी म्हटलं होतं, नको, झोपली आहे.

जुलैच्या शेवटी ती परत आली. मुलगा बोटीवरून येऊन तिला सोडून, चार दिवस राहून गेला. चार पायांचा लोखंडी वॉकर धरून ती पॅसेजमधून आली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मुलगा गेला त्या रात्री तिच्या कडीला निळ्या चौकड्यांची पिशवी लागली, तशी मी झोपायला गेले. झोपले नाही.

सव्वासहा झाले. खट्ट झालं नाही. साडेसहा. मी दार उघडलं. पिशवी होती तिथेच होती, दुधाने जड झालेली. हात आपोआप पुढे झाला, कुणाचीही शपथ घेऊन सांगते, पिशवीकडेच झाला. मी तो मागे घेतला आणि बेलवर ठेवला. बटण दाबायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात मी दहा वेळा मेले. दाबलं.

आत बेल वाजली. मग काही नाही. पुन्हा दाबली.

"पिशवेक हात लावू नको गो!" आतून आवाज आला. "आसंय मी. चलाक येळ लागता माका!"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आतून वॉकरचा आवाज येत होता. ठक. मग थांबायचा. मग ठक. पलंगापासून दारापर्यंत चौदा फरश्या आहेत, मला माहीत आहे, माझ्याही खोलीत तेवढ्याच आहेत. मी एकदाही "सावकाश गं" म्हटलं नाही, तोंडाला कुलूप घातल्यासारखी उभी होते. दार उघडलं. घामाघूम झाली होती. तिने वाकून स्वतःची पिशवी स्वतः काढली. मला काढू दिली नाही, आणि मीही पुढे झाले नाही.

"आत ये. च्या ठेव," ती म्हणाली. "ओट्याकडे माका भय वाटता अजून."

तिलाही भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी माझं दार ओढून घेतलं, तिच्याकडे आत गेले, आधण ठेवलं, आलं किसलं. दोघी चहा घेत बसलो. काय बोललो ते आठवत नाही, फारसं काही बोललो नसू. तिने मला माफ केलं असं काही तिने म्हटलं नाही, आणि आजतागायत म्हटलेलं नाही. दुसरा कप घेतला. बसलो ते बसलोच.

मग बाहेर बेल वाजली. तिची नव्हे. पॅसेजच्या पलीकडची. एकदा, मग परत, मग बोट न काढता. मग दारावर थापा आणि मावशींचा घाबरलेला आवाज, "आजी! ओ आजी! उठला का?"

साडेआठ झाले होते. माझी पिशवी माझ्या कडीला तशीच लोंबत होती. माझ्या रिकाम्या घरात माझी बेल वाजत होती आणि मी ती पहिल्यांदाच बाहेरून ऐकत होते. ओरडायला हवं होतं आणि आवाज निघत नव्हता. किल्ली कुलपात फिरल्याचा आवाज आला.

समोर बसलेली ती माझ्याकडे बघत होती. तिने वॉकरवरचा हात काढून माझ्या मनगटावर ठेवला, जोरात दाबला, आणि दाराकडे तोंड करून माझ्या वतीने ओरडली.

"हंय आसा गो ती! माझ्याकडे आसा!"